दक्षिणेकडचं बोंड

माझ्या सासऱ्यानं पहिल्या भेटीतच माझी मिशी ओढून पाहिली. चिमटीत धरून, दोन्ही अंगठे जोडून, कापसाचा धागा ताणतात तशी हळूहळू ताणली. मिशी नुकतीच फुटली होती, डोळ्यांत टचकन पाणी आलं. बुढा म्हणाला, "आखूड हाय. पन तुटत नाई."

तेव्हा तो माझा सासरा नव्हता आणि व्हायची त्याची इच्छाही नव्हती. मी भाजीची पाटी घेऊन दारात गेलो होतो, एवढंच. तो अमरावतीच्या कापसाच्या बाजारात पारखी होता. गाडी आली की हा आत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस ओढायचा, धागा ताणायचा, रंग पाहायचा आणि माल कसा ते सांगायचा. त्यानं एकदा सांगितल्यावर घेणारा गप्प, देणाराही गप्प. सात समुद्रांपलीकडं कुठं लढाई लागली होती, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या होत्या आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्या त्याच्या बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. त्या दिवसांत पारख्याला जावयासारखा मान.

तो मान बुढ्याच्या डोक्यात गेला नाही, हातात गेला. ओढून पाहिल्याशिवाय त्याला कशाचाच भरवसा वाटायचा नाही. भाकर ओढून पाहायचा, चऱ्हाट ओढून पाहायचा, गल्लीतल्या नव्या सुनांच्या लुगड्याचा काठ ओढून पाहायचा आणि शिव्या खायचा. एकदा दारात आलेल्या बैराग्याची दाढी ओढली, ती हातातच आली. बैरागी पळाला. बुढ्यानं ती दाढीही ताणून पाहिली आणि म्हणाला, "बकरीची हाय. तेही म्हातारी बकरी."

"डोळे लबाड असतेत, बोटं लबाड नसतेत," असं तो येता-जाता म्हणायचा. लोकांना वाटायचं, काय ज्ञानी माणूस. खरी गोष्ट अशी की बुढ्याला दिसत नव्हतं.

आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते सगळे मातीत गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस पुढं उभा आहे, एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. धागा बोटांना समजायचा, पण रंगाचं काय? पांढरा शुभ्र की पिवळट, की पाल्यानं डागाळलेला, हे बोटांना कसं समजावं? त्यासाठी पोरगी होती. कौतिका. बापासाठी पाण्याचा तांब्या घेऊन ती बाजारात शेजारी उभी राहायची. माल शुभ्र असला की गप्प. पिवळट असला की एकदा खोकायची. डागी असला की पदर तोंडाला लावून खूप खोकायची. बाजारात सगळे हळहळायचे, पोरीला दमा आहे म्हणायचे. कोणी कोणी तर अडुळसा आणून द्यायचे.

ही कौतिका म्हणजे माझी बायको. यंदा होळीच्या आधी गेली. घर भरलेलं आहे, सुना आहेत, नातवंडं आहेत. पण बुढ्याची आठवण निघाल्यावर ज्या जागी हसू यायचं ती जागा आम्हा दोघांनाच ठाऊक होती. एकट्यानं हसलं की सुना एकमेकींकडं पाहतात. म्हणून लिहून काढतो.

तर दुर्बीण. कापूस घ्यायला आलेला एक गोरा साहेब हिवतापानं पार वाळून गेला आणि मायदेशी निघाला. जाताना पारखीच्या बदल्यात त्यानं बुढ्याला आपली पितळी दुर्बीण दिली, तिच्या तीन पायांच्या घोडीसकट. बुढ्यानं ती पहिल्यांदा कापसावर लावली. त्याला वाटलं, एवढी मोठी काच, आता धाग्यातला धागा दिसेल, पोरीच्या खोकल्याची गरज राहणार नाही. काही दिसलं नाही. मग उलट्या बाजूनं पाहिलं. मग कापूस अंगणात ठेवून स्वतः माळवदावर चढून पाहिलं. शेवटी म्हणाला, "साहेबानं ठकवलं. हे जवळचं दाखवतच नाई."

पण त्याआधी, डोळे जरा बरे होते तेव्हा, त्याच साहेबानं त्याला एका संध्याकाळी याच दुर्बिणीतून एक वस्तू दाखवली होती. वैशाखात जेवणं उरकून माणूस माळवदावर अंग टाकतो, त्या वेळी चित्रा नक्षत्र डोक्याकडं चढलेलं असतं. चित्रेच्या सरळ खाली, दक्षिणेला, गावाच्या कौलांपासून थोडं वर, एक पुसट तारा असतो. साध्या डोळ्याला तो नीट तारा वाटत नाही, कोणी ओलं बोट लावून पुसल्यासारखा वाटतो. दुर्बिणीतून पाहिलं की तो फुलतो. गोल, पांढरा, लुसलुशीत. बुढ्यानं पाहिलं आणि ओरडला, "हे तं बोंड हाय!" साहेब हसला आणि म्हणाला, नीट पाहा, ते तारे आहेत, हजारो, एकाला एक चिकटलेले. बुढ्यानं श्वास धरून पाहिलं. त्याला कडेला दाणे दिसले. खरेच दिसले की साहेबानं सांगितले म्हणून दिसले, ते त्याला समजेना, आणि समजून घ्यायच्या आत डोळ्यांवर पडदा पडला.

हे त्याला खायचं. आयुष्यात पोरीच्या खोकल्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर त्यानं कधी माल पास केला नव्हता, आणि हा एवढा मोठा माल अर्धवट पारखून राहिला होता. म्हणून वैशाख लागला की तो माळवदावर दुर्बीण मांडायचा. मांडायचा म्हणजे कौतिका मांडायची, हा शेजारी मांडी घालून बसायचा आणि जो जिना चढेल त्याला पाहायला लावायचा. अट एकच. पाहिलेलं तोंडानं बोलायचं नाही. एक बोलला की मागचे सगळे तेच बोलतात, हे त्यानं बाजारात पाहिलं होतं. तिथं दलाल भाव ठरवतात ते रुमालाखाली, एकमेकांची बोटं दाबून. चार लोक उभे असले तरी आत काय झालं ते दोघांनाच ठाऊक. बुढ्यानं तीच रीत वर आणली. मांडीवर रुमाल पसरायचा, पाहणाऱ्यानं त्याखाली हात घालून सांगायचं. मूठ म्हणजे नुसतं धुकं. एक बोट म्हणजे एक तारा. पंजा उघडा म्हणजे दाणेच दाणे.

आणि या लबाडानं हीच परीक्षा पोरीसाठी येणाऱ्या स्थळांना लावली. मूठ केली तर म्हणायचा, "नजर मंद हाय." बोट दिलं तर, "हिशोबात कच्चा." पंजा उघडला तर, "कोनाकडून आयकून आला रे?" पास होणं कोणाच्या हातातच नव्हतं. का ते आता समजतं. पोरगी गेली की रंग गेला. रंग गेला की बाजार गेला. बाजार गेला की बुढा म्हणजे कोपऱ्यात बसवलेलं गाठोडं.

मीही नापास झालो होतो. जात एकच, मळा गावाला लागून, काकानं शब्द टाकला होता. मी वर चढलो, डोळा लावला आणि अट विसरून मोठ्यानं म्हणालो, "बाबाजी, काचेवर कोनी थुकलं काय?"

बुढा उठून उभा राहिला. "खाली जाय! मळ्यात जाऊन वांगे पाह्य!"

जिन्यात कौतिका तोंडाला पदर लावून बसली होती. मी म्हटलं, "दमा वाढला वाटते."

ती म्हणाली, "तुमी बोलता तवा जास्त होते." आणि पुन्हा हसू दाबायला लागली. त्या दिवसापासून त्यांच्याकडं मी भाजी जरा जास्तच वेळा नेऊ लागलो. सांभार, म्हणजे कोथिंबीर, तर फुकट.

मग अकोल्याचं स्थळ आलं. जुन्या शहरातला बडा अडत्या, मोर्णेच्या काठी कोठी, कापसात वर आलेला. त्याचा पोरगा चांदीच्या मुठीची काठी घेऊन फिरायचा. स्थळ मोडायला बुढ्याला कारण सापडेना, कारण बाजारातले चार मोठे दलालच मध्यस्थ होते आणि त्यांच्यावर याची भाकर. आमरसाचं जेवण झालं. भाजी पोचवायला मी गेलो होतो, तो परत निघालोच नाही. सगळे माळवदावर आले. कौतिकानं दुर्बीण लावली, तांब्या घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. दिवा खाली ठेवला.

बुढा म्हणाला, "पाहा पाहुने. बोंड पाहा. बोलाचं नाई."

पोरानं डोळा लावला आणि पहिल्याच क्षणाला बोलला, "वाहवा! वाहवा! मोत्यांची रास!"

"बोलाचं नाई म्हटलं ना," बुढा म्हणाला.

"कसं नाई बोलाचं, मामाजी? लाखो तारे हायेत! एकेक मोजून घ्या!" मग तो एकदम दचकला. "अरे! हालून राहिलं! बाबा, हालून राहिलं! देवाचं पुष्पक इमान हाय हे!"

अडत्या बापानं हात जोडले. त्याला कौतुकानं भरून आलं होतं. "आमच्या पोराले दर्शन झालं," तो म्हणाला. एका दलालानंही हात जोडले. बुढा मात्र ताठ बसला. तारा हलत नसतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

"आजून कोन हाय?" तो म्हणाला. "तो भाजीवाला गेला का?"

"हाय ना," मी म्हटलं.

"ये. पाह्य."

मी डोळा लावला. पांढरा, गोल, धुकट गोळा दिसत होता, चांगला उजेडात. त्या रात्री दाणे शोधायचेच असं मी ठरवून आलो होतो. पाहता पाहता तो गोळा वर उचलला गेला, बाजूला गेला, आणि त्याच्या जागी एक गुळगुळीत लालसर गोळा आला. त्याच्यावर पाच बोटं आली आणि करकर खाजवू लागली.

ते समोरच्या शेठचं अंगण होतं. भाव आणखी चढेल म्हणून शेठनं कापसाच्या गाठी विकल्या नव्हत्या, त्या माळवदाच्या वर जाईल एवढ्या रचल्या होत्या. बोंड त्यांच्यामागं गडप झालं होतं. गाठींवर कंदील घेऊन चौकीदार बसला होता, डुलक्या घेत. लाखो तारे म्हणजे चौकीदाराची पगडी. दर्शन झालं ते तिचं. आता त्यानं टक्कल खाजवायला ती काढली होती.

माझं तोंड गावाला ठाऊक आहे. मनात आलं की बाहेर. मी मान वर केली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मनात आलं, बुढ्याला हे दिसलं कसं नाही? पगडी समोरच कंदिलात चमकते आहे. दुर्बीण नको, काही नको. मी त्याच्याकडं पाहिलं. तो गाठींकडंच तोंड करून बसला होता, डोळे सताड उघडे. जिन्यावर बांगड्या वाजल्या. एकदाच. मग मला एकदम सगळं समजलं. खोकला, दमा, अडुळसा, सगळं.

मी तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा.

रुमालाखाली हात घातला. मूठ नाही केली, बोट नाही, पंजा नाही. बुढ्याचा हात पालथा केला आणि माझ्या हातानं वरून झाकला. झाकलेलं आहे. बुढ्याचा हात थंड पडला. मग त्यानं माझं मनगट असं धरलं की हाड दुखलं. त्या हातात काय होतं ते सांगायला दलाल व्हायची गरज नव्हती. बोलू नको, एवढंच होतं. मीही दाबलं. नाही बोलत.

बुढा मोठ्यानं म्हणाला, "सौदा झाला. पोरगी याले देली."

मग अडत्या उसळला. "काय सौदा? कोनता सौदा? आमची पगडी उतरवाले बोलावलं काय इथं?"

पगडी म्हटल्याबरोबर जिन्यात कौतिकाला दमा सुरू झाला.

"माह्या पोरानं लाखो तारे पाह्यले! यानं काय पाह्यलं ते तं सांगा!"

बुढा म्हणाला, "रुमालाखालचं सांगतेत काय, शेठ? कवापासून?"

अडत्यानं दलालांकडं पाहिलं. आता दलालांची पंचाईत. रुमालाखालचा सौदा मोडता येतो असं एकदा त्यांनी मान्य केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बाजार कसा चालला असता? त्यातला थोरला घसा खाकरून म्हणाला, "सौदा म्हनजे सौदा, शेठजी. इलाज नाई." अकोल्याची मंडळी निघून गेली. पोरगा जाता जाता पुन्हा एकदा दुर्बिणीतून पाहून गेला. त्याला खरंच आवडलं होतं.

सगळे गेल्यावर बुढा म्हणाला, "कवापासून ठाऊक हाय तुले?"

"आत्ता समजलं."

"बाजारात सांगशीन?"

"पोरगी द्या, नाईतर नका देऊ. ते वायलं. डोयाचं मी कोनाले सांगत नाई."

"देली म्हटलं ना. पन मंग रंग कोन सांगन मले?" हे मात्र त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं. मी त्याचा तो आवाज पुन्हा कधी ऐकला नाही.

मी म्हटलं, "मळा काय काशीले हाय? रोज भाजी घेऊन बाजारात येतोच ना मी. तुमची पोरगी बी येईन. पाटीमांगं बसन."

मग बुढा पोरीकडं वळला. "काव? त्या गाठी तुले दिसल्या नाईत? पगडीवर दुर्बीण लागलीच कशी?"

कौतिका म्हणाली, "लागली नाई, बा. लावली." आणि मला म्हणाली, "मले अकोलेवाल्याचं भेव नव्हतं. तुमच्या तोंडाचं होतं."

लग्न झालं. कौतिका पाटीमागं बसू लागली, पण आता खोकण्याची पंचाईत. लग्न झालेल्या पोरीचा दमा गेला नाही तर सासरचं नाव खराब, असं माझी माय म्हणाली. मग आम्ही भाजीवर आलो. कौतिका मालाकडं पाहून हळूच सांगायची आणि मी आरोळी ठोकायचो. "मुळे घ्या मुळे" म्हणजे शुभ्र. "केळं घ्या केळं" म्हणजे पिवळट. "वांगे घ्या" म्हणजे डागी. मला स्वतःला पांढऱ्यातलं पांढरं कधीच समजलं नाही, आजही समजत नाही. ती सांगेल ते ओरडायचं.

एकदा बुढा समोरच्या त्याच शेठच्या गाठी पारखत होता, आणि एक बाई माझ्या पाटीवर येऊन हुज्जत घालू लागली, वांगी शिळी आहेत म्हणून. मला राग आला. "वांगे हायेत हे! ताजे वांगे! वांगे ओळखता येत नाईत काय?" असं मी गरजलो. बुढ्यानं तीन वेळा ऐकलं आणि शेठच्या पांढऱ्या फेक कापसावर हात ठेवून सांगितलं, "डागी हाय. पुरा डागी."

शेठ खवळला. लोक जमले. कापूस तर दुधासारखा. कौतिकानं कपाळावर हात मारला. बुढा जागचा हलला नाही. म्हणाला, "मी कापसाचा रंग सांगतला काय? निय्यतीचा सांगतला." आणि शेठचा चेहरा असा उतरला की लोकांनी खालच्या गाठी फोडल्या. वजन वाढावं म्हणून पाणी मारलं होतं, आतून बुरशी. त्या दिवसापासून बुढ्याला गाठीच्या आतलं दिसतं अशी बाजारात बोलवा झाली.

तीच त्याच्या अंगाशी आली. कौतिकाला दिवस गेले, उन्हात बसवेना. तेव्हा बुढ्यानं आपणहून ठरवलं की आता पुरे. भर बाजारात उभं राहून त्यानं सांगितलं, "आयका गा सारे. मले दिसत नाई. लय वर्सांपासून दिसत नाई. उद्यापासून येत नाई."

बाजार पोट धरून हसला. थोरला दलाल म्हणाला, "बुढ्याले जास्त मान पाह्यजे वाटते." दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात छकडा पाठवला. बुढा रडकुंडीला आला. मला म्हणाला, "जावई, इतके वर्स लपवलं तं कोनाले दिसलं नाई. सांगतलं तं कोनी आयकत नाई. हे सारे आंधळे हायेत काय?"

शेवटी माल आमच्या दारात येऊ लागला. ओसरीवर कौतिका पाय लांब करून बसायची, बुढा शेजारी. तो धागा ओढायचा, ती मोठ्यानं रंग सांगायची, आता चोरी कसली. संध्याकाळी मळ्यातून तिघं बोंड पाहायचो, तिथून दक्षिण मोकळी होती. मला दिसलेलं मी सांगितलं. कडेला दाणे सुटे दिसतात, मधे चिकटलेले. कौतिकालाही तसंच दिसलं. बुढ्यानं दोघांना वेगवेगळं रुमालाखाली विचारलं, पुन्हा विचारलं, मग लांब श्वास सोडून म्हणाला, "म्हनजे पास." त्याच्या पुढच्या वर्षी तो गेला. पारख कौतिकानंच पुढं चालवली, लढाई संपून भाव कोसळला तरी. धागाही तीच ओढायची. लोक म्हणायचे बुढ्याची पोरगी.

यंदा ती गेली तेव्हा घरात बायकांची गर्दी झाली होती. अहेव गेली, म्हणून हिरवं लुगडं नेसवायचं होतं. पेटीत दोन हिरवी निघाली. थोरली सून दोन्ही घेऊन माझ्यापुढं उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मामाजी, यातलं कोनतं?"

मी दोन्हीकडं पाहिलं. मला दोन्ही सारखीच दिसत होती.

मी म्हणालो, "मले काय इचारता? तिले इचारा."